इस्त्रीचा सदरा आणि तीस टक्के

पाय गेला तर तो गुडघ्याच्या वर गेला की खाली, हे मोजपट्टी सांगते. दृष्टी किती उरली ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावरून कळते. मनाच्या आजाराने माणूस किती अडला आहे, हे मात्र त्याच्याकडे पाहून कळत नाही, आणि त्याला विचारूनही पुष्कळदा कळत नाही. अशा माणसाला अपंगत्वाचा दाखला नाकारला जातो, तेव्हा त्या दिवशी त्या खोलीत आजार दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पण घरची मंडळी तो कागद घडी घालून ट्रंकेत ठेवतात आणि सरकारने एकदा नाही म्हटले म्हणजे विषय संपला असे समजतात. या नकारावर दाद मागता येते, हे आपल्यातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही ठाऊक नसते.

गाण्याबजावण्याच्या आणि नाटकांच्या या पानावर सरकारी दाखल्यांची कथा कशाला, असे कुणी विचारील. विषय माझ्याकडे भजनाच्या वाटेने आला, एवढेच उत्तर आहे. माझा पेशा गाणे शिकवण्याचा. आठवड्यातले दोन दिवस मी सुरतेस असतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी माणसे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहत आहेत. जळगाव-नंदुरबारकडून ताप्तीच्या खोऱ्यातून येणाऱ्या गाडीने ती आली, लूमच्या कारखान्यांत आणि डाईंगच्या मिलमध्ये कामाला लागली, आणि येताना टाळ-मृदंग घेऊन आली. त्यांच्या एका भजनी मंडळात मी शनिवारी शिकवतो.

त्या मंडळात चाळिशीला टेकलेला एक गृहस्थ झांज धरून बसतो. नाव सांगण्याचे कारण नाही. वडील रेल्वेच्या चाकरीत होते. ते वारले, आणि आता आईला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. हा मुलगा लूमवरचा हुशार कारीगर. चोविसाव्या वर्षी त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. शेजारच्या लूमवरचा माणूस आपल्याविरुद्ध कट करतो आहे असे वाटू लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून निदान केले. त्याला आता चौदा वर्षे झाली. औषधाने आवाज पुष्कळ मागे हटले. पण या आजाराचे दुसरे अंग असते, ते औषधाला फारशी दाद देत नाही. उठावेसे वाटत नाही, न्हावेसे वाटत नाही, बोलावेसे वाटत नाही. घरात समोर ताट ठेवले तर जेवतो, नाही ठेवले तर मागत नाही. कारखान्यात तीन वेळा पुन्हा लावून पाहिले. सर्वांत जास्त टिकला तो अकरा दिवस.

आईने सत्तरी ओलांडली आहे. तिच्यानंतर काय, हा त्या घरातला रोजचा प्रश्न. रेल्वेच्या आणि केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत याला एक उत्तर आहे. कर्मचाऱ्याचा मुलगा किंवा मुलगी मनोविकारामुळे अथवा अपंगत्वामुळे पोट भरण्यास असमर्थ असेल, तर आईवडिलांच्या मागे कुटुंब-निवृत्तिवेतन त्या अपत्याला हयातभर मिळते. पंचवीस वर्षांची वयोमर्यादा त्याला लागू होत नाही. मात्र असमर्थता वैद्यकीय दाखल्याने सिद्ध व्हावी लागते, आणि आईवडील हयात असतानाच ती नोंद करून घेतली तर पुढची वणवण टळते. म्हणून बहिणीने धावपळ करून अर्ज केला आणि तपासणीची तारीख आली.

आदल्या रात्री तिने भावाचा सदरा धुऊन इस्त्री केला. सकाळी आंघोळीला बसवले, दाढी करून दिली, केसांना तेल लावले. चार मोठ्या डॉक्टरांपुढे जायचे, तर माणूस नीटनेटका हवा, ही आपल्याकडची रीत. आत त्याला एकट्यालाच बोलावले. नाव काय, आज वार कोणता, काम काय करता? तो म्हणाला, लूमवर आहे. तब्येत कशी आहे? म्हणाला, बरी आहे, मला काही झालेले नाही. कुणीतरी विचारले, छंद काय? म्हणाला, भजन. दहा मिनिटांत बाहेर आला. पुढे काही आठवड्यांनी कागद हाती पडला: अपंगत्व ३० टक्के.

मला काही झालेले नाही, असे मनापासून वाटणे हा या आजाराचाच एक भाग असतो, हे मनोविकारांचा प्रत्येक डॉक्टर जाणतो. तरी त्या खोलीत तेच वाक्य रुग्णाच्या विरुद्ध साक्षीला उभे राहिले. आम्हा गाणाऱ्यांना परीक्षकमंडळे नवी नाहीत. १९५२ नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीने गवयांच्या ऑडिशन घेऊन त्यांना श्रेण्या लावल्या, तेव्हा घराण्यांतली केवढी तरी मंडळी दुखावली होती. पण तिथे निदान उलटा धोका होता: चांगला गाणारा त्या दिवशी वाईट गाईल. इथे वाईट अवस्थेतला माणूस त्या दहा मिनिटांपुरता चांगला दिसतो आणि त्याचे नुकसान होते.

आता हे टक्के येतात कुठून, ते पाहू. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ‘आयडियाज’ नावाची मोजणी २००२ पासून आपल्याकडे वापरात आहे. तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, इतरांशी वागणूक, बोलणे-समजणे आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. आजार किती काळ चालला आहे त्याचे आणखी चारपर्यंत गुण. एकूण वीस. सहापर्यंत बेरीज आली तर अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली, सात ते तेराला ४० ते ७० टक्के, चौदा ते एकोणीसला ७१ ते ९९, वीसला शंभर. कायद्यातल्या बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा, म्हणजे सात गुणांचा.

ही मोजणी मला शहाणपणाची वाटते. काम या सदरात ती कमावणारा, घर सांभाळणारी बाई आणि विद्यार्थी यांचा वेगवेगळा विचार करते. माणूस न्हातो का, एवढे विचारून ती थांबत नाही. सांगितल्याशिवाय न्हातो का, हेही पाहते. आणि मुख्य म्हणजे रुग्णाला रोज सांभाळणाऱ्या माणसाची मुलाखत हा तिचा पायाच आहे. त्या दिवशी बहीण दाराबाहेर बाकावर बसून होती. आत कुणी बोलावले नाही.

बहिणीने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “बुवा, आता काय करायचं?” सोबत आईच्या नावाने कुणाकडून तरी लिहवून घेतलेला अर्ज होता. त्यात तीन वेळा ‘मेहेरबानी व्हावी’ आणि दोन वेळा ‘गरिबावर कृपादृष्टी असावी’. मला माझे वडील आठवले. बडोद्याच्या दरबारी गवयांच्या ताफ्यातले ते अगदी शेवटचे. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटत होती, आणि मी त्यांच्या उतारवयातला. दरबारात अर्ज कसे लिहीत ते त्यांना तोंडपाठ होते, आणि त्यांची भाषा हुबेहूब हीच. दरबारचा तनखा ही धन्याची मर्जी होती, तेव्हा ती भाषा शोभूनही दिसे. इथे धनी कुणी नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. मानसिक आजार हा त्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. खरे तर १९९५ च्या जुन्या कायद्यातही तो होता. त्या कायद्याच्या ५९ व्या कलमात लिहिले आहे की, दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदत राज्याच्या नियमांप्रमाणे असते, म्हणून निर्णय हाती येताच हालचाल करावी. आईच्या अर्जातल्या मेहेरबान्या आम्ही काढून टाकल्या आणि कलमाचा आकडा घातला. तिला ते जरा उद्धटपणाचे वाटले.

पहिला अर्ज अपिलाचा नव्हता. गुण कसे दिले ते लेखी कळवा, एवढीच त्यात मागणी होती. उत्तर आले तेव्हा सारे उघड झाले. स्वतःची निगा: शून्य. वागणूक: एक. बोलणे-समजणे: शून्य. काम: एक. आजार जुना म्हणून चार. बेरीज सहा. एका गुणाने माणूस उंबरठ्याच्या बाहेर राहिला होता, आणि निगेला शून्य मिळाले होते ते बहिणीच्या इस्त्रीमुळे.

कारणे मागण्याचा हा मुद्दा वकिली बारकावा नाही. गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर वारंवार बोट ठेवले आहे. १९७७ साली स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारून सैन्यातून घरी पाठवलेल्या एका शिपायाचे प्रकरण २०१३ मध्ये न्यायालयापुढे आले. न्यायमूर्तींनी मनोविकारांवरचे ग्रंथ उघडून पाहिले, मंडळाच्या कागदात त्या निदानाला पुरेसा आधार सापडत नाही असे म्हटले आणि नव्याने तपासणी करायला सांगितले. मधे छत्तीस वर्षे गेली होती. मे २०२५ मध्ये ठाण्याच्या वकिलीतून वर गेलेले न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्यापुढे असेच दुसऱ्या एका शिपायाचे प्रकरण होते. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे मंडळाने लिहिले होते; का नाही, ते लिहिले नव्हते. कारणांवाचूनच्या अशा मतावर पेन्शन नाकारता येणार नाही, आणि संबंध सिद्ध करण्याचे ओझे त्या आजारी माणसावर टाकता येणार नाही, असा निकाल झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने लातूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सांगितले होते की, केवळ टक्क्यांच्या आकड्यावरून माणूस बाद करू नये. मंडळाने तो काय करू शकतो हे पाहावे आणि नकार देताना कारणे नोंदवावीत. त्या विद्यार्थ्याची अडचण वाचेची होती, मनाची नव्हे. पण तपासणी मंडळाने कसे वागावे, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे.

विलायतेतही हेच रडगाणे आहे, हे वाचून मला नवल वाटले. तिथल्या अपंग भत्त्याच्या नियमांत मार्च २०१७ मध्ये असा बदल झाला की, मानसिक त्रासामुळे ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याला प्रवासाच्या सदरात कमी गुण मिळावेत. डिसेंबर २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा मनोरुग्णांच्या बाबतीत उघड पक्षपात ठरवला. सरकारने वरच्या न्यायालयात जायचे नाही असे ठरवले, आणि सुमारे १६ लाख प्रकरणे पुन्हा तपासायची वेळ आली.

आता सुरतेकडे परत येतो. अपिलासाठी पुरावा हवा होता, आणि मनाच्या आजाराचा एक्स-रे निघत नाही. रुग्णालयातले जुने कागद अर्धे हरवले होते. इथे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपयोगी पडला. आपल्या उपचारांची कागदपत्रे मागण्याचा हक्क त्याने रुग्णाला दिला आहे. तोच कायदा अशा रुग्णाला फुकट वकिलाचाही हक्क देतो, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अपंग व्यक्तीला उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याची कचेरी असते. आम्हाला तिथे मिळालेला तरुण वकील गुजराती होता आणि त्याला मराठी भजनांची भारी आवड निघाली. ते असो.

खरा पुरावा ठरली ती दोनशे पानी वही. वकिलाने बहिणीला सांगितले, दोन महिने रोज लिहा. आजारी दिसतो असे लिहू नका, काय घडले ते लिहा. ती लिहू लागली. सोमवार: चार वेळा सांगितल्यावर तोंड धुतले. मंगळवार: रॉकेल आणायला पाठवले, रिकाम्या डब्यासह दीड तासाने परत, कुठे होता ते सांगता आले नाही. गुरुवार: पाहुणे आले, आतल्या खोलीत गेला, ते जाईपर्यंत बाहेर आला नाही. शनिवार: भजनाला गेला.

मला स्वतःला या वहीचे फार वाईट वाटे. सख्ख्या भावावर पाळत ठेवायची, त्याच्या प्रत्येक चुकीची नोंद करायची, आणि हे सारे त्याच्याच भल्यासाठी! मदत मिळवायला माणसाने आपण किती निकामी आहोत हे सिद्ध करावे, यात काहीतरी ओंगळ आहेच. एके दिवशी वही त्याच्या हाती लागली. बहीण घाबरली. तो बराच वेळ वाचत बसला. मग पेन मागून घेतले, एका ठिकाणी ‘दोन दिवस आंघोळ नाही’ असे होते ते खोडले आणि त्याच्या वर लिहिले, चार. त्यानंतर वहीत दोन अक्षरे दिसतात. “रात्री झोप नाही, वर कोणी चालत होते” ही नोंद त्याची आहे. बहिणीला ती गोष्ट ठाऊकच नव्हती.

मीही एक पत्र दिले. त्या खोलीत भजनाचा छंद त्याच्या खात्यावर जमेला धरला गेला असावा, अशी मला शंका होती, आणि त्याबाबत बोलण्याचा थोडा अधिकार मला होता. मी लिहिले की याची झांज लयीला पक्की आहे, त्यात शंका नाही. लय शरीरात एकदा बसली की ती उशिरा जाते. पण मी शिकवत असलेल्या सहा वर्षांत त्याला एकही नवा अभंग शिकता आलेला नाही. बहीण शेजारी नसेल तर तो बसत नाही. मध्येच उठून जातो आणि का उठला हे सांगू शकत नाही. मंडळाचे लोक त्याला सांभाळून घेतात म्हणून तो मंडळात आहे. कारखाना असा सांभाळून घेत नाही. जुन्या कारखान्याच्या मुकादमाने अकरा दिवसांची हजेरी लिहून दिली. ती चिठ्ठी माझ्या पत्रापेक्षा वजनदार ठरली असावी.

घरातून विरोधही झाला. आईला भीती होती की कागदावर ‘मानसिक आजार’ असे सरकारी शिक्क्यानिशी आले की चाळीत बोभाटा होईल आणि नातीची सोयरीक अडेल. ही भीती खोटी नाही. पाय अधू असल्याचा दाखला लोक दाराशी आलेल्या पाहुण्यालाही दाखवतात. हा दाखला कपाटात तळाशी जातो. शिवाय ज्याला लढायचे त्याची लढायची ताकदच आजाराने आधी नेलेली असते. बहीण नसती तर हे अपील झालेच नसते, आणि प्रत्येक घरात अशी बहीण नसते.

फेरतपासणीला बहिणीने सदरा इस्त्री केला नाही. रोज असतो तसाच भाऊ गेला. या वेळी तिला आत बोलावले. अर्धा तास प्रश्न विचारले, वहीची पाने उलटली. निगा दोन, वागणूक दोन, बोलणे-समजणे एक, काम तीन, जुनेपणाचे चार. एकूण बारा. दाखल्यावर ६५ टक्के आले, आणि अर्थार्जनास असमर्थ असल्याची नोंद आली. आईच्या हयातीत मुलाचे नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत चढवण्याचा अर्ज त्यावर गेला आहे.

सारेच मिळाले असे नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अपंगांसाठी केंद्राची इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ पासून आहे. तिच्यात केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपयांवर थांबलेला, आणि अट ८० टक्क्यांची. बारा गुणांच्या माणसाला ती दुरूनच दिसते. ज्याला ८० टक्के मिळतील, त्याच्या हातून अर्ज लिहून होणेही कठीण. महाराष्ट्रातल्या संजय गांधी निराधार योजनेत हाच उंबरठा ४० टक्क्यांचा आहे आणि २०२५ मध्ये अपंगांची रक्कम महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. पण तिथे महाराष्ट्रातले पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. नवापूरच्या अलीकडे राहणाऱ्याला आणि पलीकडे राहणाऱ्याला एकच आजार वेगळ्या भावाने पडतो. गुजरात सरकारच्या स्वतःच्या योजना आहेत, त्यांच्या अटी बदलत असतात. त्या जिल्हा समाज सुरक्षा अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारून घ्याव्यात. २०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम म्हणते की अपंगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा निदान पंचवीस टक्क्यांनी जास्त असावी. हे कलमही अर्जात घालायला हरकत नाही.

दाखल्याला मुदत आहे. मनाचा आजार कमीजास्त होतो म्हणून असे दाखले बहुधा ठरावीक वर्षांपुरते देतात, आणि मुदत सरली की पुन्हा तपासणी. सध्या दुसरी वही सुरू आहे. तिच्यात आता निम्म्याहून अधिक नोंदी त्याच्या हातच्या असतात. गेल्या शनिवारी त्याने लिहिले आहे की बुवांनी आज ताल उगाच वाढवला.